नायलॉन तारांची क्लासिकल गिटार : खरेदी कशी करावी आणि ती बनते कुठे? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी गिटार घेऊ पाहणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि परदेशातून वाद्य आणवू इच्छिणारे वाचक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवात प्राथमिक प्रश्नांपासून असून अडचणीचे आणि अपवादात्मक प्रश्न शेवटाकडे आहेत. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. क्लासिकल गिटार आणि बहुतेकांकडे दिसते ती नेहमीची अकूस्टिक गिटार यांत तारांखेरीज काही फरक आहे का?

तारांचा फरक चटकन दिसतो, परंतु त्या तारांमुळे वाद्याची सारी बांधणीच बदलते. क्लासिकल गिटारच्या उंच स्वरांच्या तीन तारा एकसंध नायलॉनच्या असतात. खर्जाकडच्या तीन तारांमध्ये नायलॉनच्या बारीक धाग्यांच्या जुडीवर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते. या सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे 40 किलो भरतो, तर स्टीलच्या हलक्या संचाचा ताणही 70 किलोंच्या पुढे जातो. ताण कमी असल्यामुळे क्लासिकल गिटारची वरची पाटी, म्हणजे टॉप, पातळ ठेवता येते आणि तिच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या आधारपट्ट्याही हलक्या असतात. मान नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या खाचांच्या पट्टीपाशी) साधारण 52 मिमी रुंद असते (स्टीलच्या गिटारची 43 मिमीच्या आसपास), फिंगरबोर्ड (मानेवरची, बोटांनी तारा दाबण्याची पाटी) सपाट असतो, मान बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे पडद्यापाशी, पेटीला मिळते आणि तारा ब्रिजला (टॉपवर चिकटवलेल्या लाकडी पट्टीला) गाठ मारून बांधतात.

हा साचा स्थिर केला तो दक्षिण स्पेनमधील अल्मेरियाच्या अंतोनियो दे तोरेस (1817–1892) या कारागिराने. नटपासून सॅडलपर्यंतची (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीपर्यंतची) 650 मिमी ही तारेची लांबी आजही प्रमाण मानली जाते. तोरेसच्या काळी तारा आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात आतड्याचा धागा शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागला आणि वादकांची पंचाईत झाली. त्यानंतर न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या, प्रख्यात स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या आणि आतड्याच्या तारा मागे पडल्या.

2. मी अगदी नवशिका आहे. बोटे दुखू नयेत म्हणून नायलॉननेच सुरुवात करावी का?

बोटे कमी दुखतात हे खरे आहे, परंतु केवळ तेवढ्यासाठी हे वाद्य घेऊ नये. ज्यांना उजव्या हाताच्या बोटांनी सुटे स्वर वाजवायचे आहेत, नोटेशन वाचून रचना शिकायच्या आहेत किंवा ट्रिनिटी कॉलेज लंडनसारख्या संस्थेच्या क्लासिकल गिटारच्या परीक्षा द्यायच्या आहेत, त्यांच्यासाठी दुसरा पर्यायच नाही. ज्यांना प्लेक्ट्रमने (तारा छेडण्याच्या छोट्या पट्टीने) जोरकस ठोके देत मित्रांच्या घोळक्यात गाणी म्हणायची आहेत, त्यांना नायलॉनचा आवाज मऊ आणि अपुरा वाटेल, शिवाय रुंद मानेवर अंगठा वरून आणून खर्जाची तार दाबण्याची सवयही जमणार नाही. शिकवणाऱ्या सरांना आधी विचारलेले बरे, कारण अनेक वर्गांत सरसकट स्टीलची गिटार गृहीत धरलेली असते.

3. मला गिटारवर राग वाजवायचे आहेत. ‘क्लासिकल’ गिटार घेतली तर चालेल ना?

रागांच्या आलापीसाठी हे वाद्य बनलेले नाही. पडद्यांवर दाबून नायलॉनची तार बाजूला ओढली, तरी सतारीसारखी चार-पाच स्वरांची मींड त्यातून निघत नाही, आणि स्वर टिकतोही थोडाच वेळ. आपल्याकडे गिटारवर राग रुजवला तो पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी. पण त्यांची हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून स्टीलच्या तारांवर पट्टी सरकवत वाजवली जाई. पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणाही त्याच कुळातली आहे. तेच वाजवायचे असेल तर नायलॉनच्या दुकानात शिरू नये. भावगीते किंवा चित्रपटगीते बोटांनी, साथीसह एकट्याने वाजवायची असतील तर मात्र नायलॉनइतका गोड सोबती नाही.

4. क्लासिकल गिटार प्रत्यक्षात कुठे कुठे बनतात?

पहिले नाव अर्थातच स्पेनचे. तेथे दोन वेगळी जगे आहेत. एक हाताने, वर्षाकाठी मोजक्याच गिटार बनवणाऱ्या कारागिरांचे. माद्रिदमध्ये रामिरेझ घराण्याची पेढी 1882 पासून चालू आहे. ग्रनादामध्ये अलांब्राच्या राजवाड्याकडे चढत जाणाऱ्या कुएस्ता दे गोमेरेझ या अरुंद रस्त्यावर गिटारांच्या कार्यशाळा पिढ्यानपिढ्या आहेत. दुसरे जग कारखान्यांचे असून ते मुख्यतः व्हॅलेन्सियाच्या प्रदेशात आहे. जगभर विकली जाणारी ‘अलांब्रा’ गिटार ग्रनादाची असावी असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात 1965 मध्ये सुरू झालेला हा कारखाना आलिकांते प्रांतातील मूरो दे आल्कोय या गावी आहे. ‘एस्तेवे’ व्हॅलेन्सिया शहरालगतच्या आल्बोराया येथली.

स्पेनबाहेर जर्मनीची परंपरा सर्वांत वजनदार आहे. बव्हेरियाच्या हेरमान हाउझर यांनी 1937 मध्ये घडवलेली गिटार सेगोव्हिया यांनी अनेक वर्षे वाजवली. ती आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पूर्व युरोपात बल्गेरियातील काझानलाक येथे ‘क्रेमोना’ 1924 पासून वाद्ये बनवते आणि रुमानियातील रेगिन हे व्हायोलिन-गिटारांचे गाव म्हणून ओळखले जाते; मध्यम किमतीत अस्सल लाकडाची वाद्ये या पट्ट्यातून येतात, पण भारतीय दुकानांत ती क्वचितच दिसतात. मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातील पाराचो हे गावच्या गाव गिटारांवर जगते. फिलिपीन्समध्ये सेबूजवळच्या माक्तान बेटावर हीच कारागिरी आहे. ब्राझीलमध्ये ‘जिआनीनी’ आणि ‘दि जोर्जो’ या शतकभर जुन्या कंपन्या आहेत.

जपानचा उल्लेख वेगळा करायला हवा. मासारू कोहनो यांच्या गिटारला 1967 मध्ये बेल्जियममधील लिएज येथील स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले आणि जपानी कारागिरी ही नक्कल नाही हे युरोपने मान्य केले. यामाहाच्या वरच्या श्रेणीतील क्लासिकल गिटार आजही जपानमध्ये बनतात. नवशिक्यांसाठीची आणि आपल्याकडे सर्वाधिक खपणारी सी-40 मात्र इंडोनेशियातून येते.

संख्येचा विचार केला तर आज चीनला तोड नाही. ग्वांगडोंग प्रांतातील जुन्या कारखान्यांच्या जोडीला ग्वेइझोऊ प्रांतातील झेंगआन या डोंगराळ तालुक्यात गिटारांची अख्खी वसाहत उभी राहिली आहे. तेथून निघणारी वाद्ये अनेक नावांनी जगभर जातात.

5. माझ्या गिटारचे नाव स्पॅनिश आहे, पण आत ‘मेड इन चायना’ लिहिले आहे. माझी फसवणूक झाली का?

आतल्या चिठ्ठीवर खरे लिहिले असेल तर ही फसवणूक म्हणता येत नाही. ‘कॉर्डोबा’ हे नाव स्पेनमधील शहराचे असले, तरी ब्रँड 1997 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात सुरू झाला आणि 2023 मध्ये तो यामाहाच्या समूहाकडे गेला. त्याच्या परवडणाऱ्या गिटार चीनमध्ये बनतात, तर काही मालिका स्पेनमध्ये. एकाच नावाखाली दहा हजारांचे आणि दोन लाखांचे वाद्य वेगवेगळ्या देशांतून येऊ शकते, म्हणून ब्रँडची चौकशी करण्याऐवजी नेमक्या मॉडेलची करावी : टॉप सॉलिड (अखंड लाकडाचा) आहे की प्लाय (प्रश्न 7 पाहावा), मान कोणत्या लाकडाची, तारेची लांबी किती. चीनमध्ये बनलेली सॉलिड टॉपची गिटार स्पेनमध्ये बनलेल्या प्लायच्या गिटारपेक्षा बहुतेक वेळा उजवी ठरते.

उलट बाजूची सावधगिरीही सांगायला हवी. आपल्याकडच्या अनेक दुकानांत ‘स्पॅनिश गिटार’ म्हणजे हवाईयन नसलेली कोणतीही गिटार, मग ती स्टीलच्या तारांची का असेना. फोनवर चौकशी करताना ‘नायलॉन तारांची क्लासिकल’ असेच म्हणावे.

6. भारतात क्लासिकल गिटार बनत नाहीत का? मिरजेचे कारागीर बनवून देतील का?

भारतात गिटार बनवण्याचे मोठे केंद्र कोलकाता आहे आणि तेथील कारखाने नायलॉन तारांची मॉडेलेही काढतात. ती स्वस्त असतात आणि हाताळायला सुरुवात करण्यापुरती चालून जातात. मात्र दोन गिटारांमध्ये दर्जाचा फरक बराच आढळतो, म्हणून न पाहता घेऊ नयेत. एकेकट्याने काम करणारे काही गिटारकार देशात आहेत, पण त्यांच्याकडे नंबर लावून थांबावे लागते.

मिरजेचा प्रश्न महाराष्ट्रातून हमखास येतो. तेथील सतार-तंबोऱ्यांचे कसब मोठे आहे आणि त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे; परंतु सतारीचे पडदे सरकवता येतात आणि तिचा नाद भोपळा आणि जवारीवर उभा असतो. गिटारचे पडदे मात्र गणिताने ठरलेल्या जागी कायमचे ठोकलेले असतात आणि टॉपची जाडी अडीच मिमीच्या आसपास राखावी लागते. सुटलेला ब्रिज चिकटवणे किंवा तडा बुजवणे यांसारखी लाकडाची कामे जाणता सतारमेकर नीट करू शकतो. पडद्यांची पातळी आणि स्वरशुद्धता यांसाठी गिटारचे काम करणाराच शोधावा.

7. सॉलिड टॉप म्हणजे काय आणि तो खरा आहे हे दुकानात कसे ओळखावे?

सॉलिड टॉप म्हणजे अखंड लाकडाची पाटी. बहुधा एकाच फळीचे दोन पातळ काप पुस्तकासारखे उघडून मधोमध जोडलेले असतात. प्लायमध्ये तीन पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात. प्लाय भक्कम असते आणि हवामानाची फिकीर करत नाही, पण तिचा आवाज पहिल्या दिवशी जसा असतो तसाच दहा वर्षांनीही राहतो. सॉलिड टॉप वाजवत गेल्यावर खुलतो.

ओळखण्याची जागा म्हणजे साउंडहोलची, टॉपवरच्या गोल भोकाची, कड. मोबाइलची बॅटरी लावून त्या कडेचा आतला काठ पाहावा. वरच्या पृष्ठभागावरील बारीक उभ्या रेघा कडेवरून वळून सरळ खाली उतरताना दिसल्या तर लाकूड अखंड आहे. मध्ये गडद रंगाचा आडवा थर दिसला, किंवा वरच्या रेघा कडेपाशी येऊन एकदम थांबल्या, तर ती प्लाय आहे. काही स्वस्त गिटारांत नेमकी हीच कड काळ्या रंगाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने झाकलेली असते; तसे असेल तर विक्रेत्याला मॉडेलची अधिकृत माहिती दाखवायला सांगावी. कंपनीच्या माहितीत नुसते ‘स्प्रूस टॉप’ लिहिलेले असेल आणि ‘सॉलिड’ हा शब्द नसेल, तर ती प्लाय समजावी. कंपन्या हा शब्द लिहायला कधीही विसरत नाहीत.

8. टॉप स्प्रूसचा घ्यावा की सीडरचा?

स्प्रूस फिकट पिवळसर असतो, त्याचा स्वर स्वच्छ आणि सुटा येतो व खुलायला वेळ घेतो. सीडर तांबूस असतो, पहिल्या दिवसापासून ऊबदार आणि भरीव वाजतो, पण मऊ असल्यामुळे नखाचे ओरखडे लवकर घेतो. क्लासिकल गिटारमध्ये सीडर रूढ झाला तो 1960 च्या दशकात, तिसरे होसे रामिरेझ यांनी उत्तर अमेरिकेतून येणारे हे लाकूड वापरायला सुरुवात केल्यावर. दोन्ही वाजवून पाहावे आणि कानाला पटेल ते घ्यावे. यात चुकीचे उत्तर नाही.

9. मागची बाजू शिसवीचीच हवी का? विक्रेता त्यासाठी बरेच पैसे जास्त मागतो.

सुरुवातीच्या खरेदीत त्यासाठी पैसे मोजू नयेत. आवाजाचा मोठा वाटा टॉपचा असतो, हे तोरेसने 1862 मध्येच सिद्ध करून दाखवले होते : त्याने एका गिटारची पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या बनवल्या, टॉप मात्र उत्तम लाकडाचा ठेवला. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. शिवाय मध्यम किमतीच्या गिटारमध्ये ‘रोझवूड’ म्हणून जे विकले जाते, ती अनेकदा प्लायवर लावलेली शिसवीची पातळ कातडी असते. तेच पैसे सॉलिड टॉपवर खर्च करावेत.

वरच्या श्रेणीत मात्र शिसवीचे मोल आहे, आणि त्यात आपलाही वाटा आहे. स्पेन, जर्मनी आणि जपानमधील कारागीर जी शिसवी वापरतात, ती मुख्यतः दक्षिण भारतातून गेलेली असते. ब्राझीलच्या शिसवीवर निर्बंध आल्यावर तिची जागा भारतीय लाकडानेच घेतली. कायद्याच्या बाजूसाठी प्रश्न 18 पाहावा.

10. किती पैसे बाजूला ठेवावेत?

तीन-चार हजारांच्या गिटारमध्ये स्वर शुद्ध लागण्याची खात्री नसते आणि ज्याला ती घेऊन दिली तो दोन महिन्यांत शिकणे सोडतो, मग दोष त्याच्या बोटांना दिला जातो. साधारण 10,000 रुपयांच्या आसपास प्लायची परंतु नीट बांधलेली गिटार मिळते. यामाहाची सी-40 या गटातली. 25,000 ते 40,000 रुपयांच्या टप्प्यात सॉलिड टॉप मिळतो. वर्ष-दोन वर्षे नेटाने शिकलेल्याने येथेच यावे, मधल्या पायऱ्यांवर पैसे घालवू नयेत. लाखाच्या पुढे संपूर्ण अखंड लाकडाची स्पॅनिश कारखान्यातील गिटार येते आणि नामवंत कारागिराच्या हातच्या वाद्याचे मोल युरोंतच, काही हजारांच्या घरात, सांगितले जाते. गिटारच्या किमतीखेरीज जाड अस्तराची पिशवी, पायाखालचा छोटा स्टूल, ट्यूनर आणि ॲक्शन (तारांची उंची, प्रश्न 11 पाहावा) दुरुस्त करून घेण्याचा खर्च धरून ठेवावा.

11. दुकानात गेल्यावर नेमके काय तपासावे? मला वाजवता येत नाही.

वाजवता न येणाऱ्यालाही बहुतेक दोष पकडता येतात. आधी गिटार सुरात लावायला सांगावी, कारण बेसूर वाद्यावर पुढची एकही परीक्षा होत नाही.

पहिली परीक्षा मानेची. गिटार डोळ्यांसमोर बंदुकीसारखी धरून नटकडून ब्रिजकडे पाहावे. मान सरळ, तारांच्या दिशेने अगदी किंचित खोलगट असावी. पिळवटलेली दिसली तर ती गिटार तेथेच ठेवावी. पारंपरिक क्लासिकल गिटारच्या मानेत सहसा लोखंडी ट्रस रॉड नसतो, म्हणून स्टीलच्या गिटारसारखी ती नंतर चावीने सरळ करता येईल असे गृहीत धरू नये.

दुसरी ॲक्शनची, म्हणजे बाराव्या फ्रेटपासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंतच्या उंचीची. पातळ तारेखाली सुमारे 3 मिमी आणि जाड तारेखाली सुमारे 4 मिमी योग्य. शाळेची पट्टी खिशात न्यावी. दुकानदाराला राग आला तरी चालेल. ॲक्शन 5 मिमीच्या वर असेल तर सॅडल घासून ती किती कमी करता येईल हे पाहावे. सॅडल ब्रिजच्या वर जेमतेम दिसत असेल, तर घासायला काही उरलेलेच नाही.

तिसरी स्वरशुद्धतेची. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला हलकेच बोट टेकवून छेडले की घंटेसारखा स्वर निघतो. मग त्याच फ्रेटवर तार दाबून छेडावी. दोन्ही स्वर एकच असले पाहिजेत. मोबाइलवरचा ट्यूनर लावला की कान तयार नसला तरी फरक कळतो. सहाही तारांवर हे करावे. नायलॉनमध्ये तिसऱ्या तारेचा स्वर किंचित चढा येणे हे सर्रास आढळते, पण तो कानाला टोचता कामा नये.

यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून एकेकदा वाजवावी. कंटाळवाणे आहे, पण झणझणणारा किंवा मुका स्वर याशिवाय सापडत नाही. शेवटी कागदाचा एक कपटा ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून पाहावा. तो आत शिरला तर ब्रिज उचलला जात आहे. फ्रेटच्या टोकांवरून हात फिरवावा, ती टोचत असतील तर मानेचे लाकूड आकसले आहे.

12. ऑनलाइन मागवली तर?

प्लायची, नामांकित कंपनीची आणि परत करता येणारी असेल तर हरकत नाही. सॉलिड टॉपची गिटार मात्र हाताळून घ्यावी, कारण एकाच मॉडेलच्या दोन गिटार सारख्या वाजत नाहीत. मुंबईत धोबीतलावची जुनी वाद्यांची दुकाने, पुण्यातील आणि गोव्यात पणजी-मडगावची दुकाने येथे एकाच फेरीत चार-पाच गिटार पाहता येतात. आधी फोन करून नायलॉनची कोणती मॉडेले प्रत्यक्ष दुकानात आहेत हे विचारून जावे. मागवलीच तर खोके उघडतानाचे चित्रीकरण करावे आणि त्याच दिवशी प्रश्न 11 मधील परीक्षा उरकाव्यात.

13. मुलगी आठ वर्षांची आहे. मोठी होईल तेव्हा उपयोगी पडेल म्हणून पूर्ण मापाची घ्यावी का?

घेऊ नये. खांदा वर चढवून आणि मनगट मोडून बसण्याची सवय एकदा लागली की सोडवायला वर्षे जातात. साधारण पाच ते सात वर्षांच्या मुलांना अर्धी, आठ ते दहाच्या मुलांना पाऊण मापाची गिटार बसते. अर्ध्या मापात तारेची लांबी सुमारे 530 मिमी आणि पाऊण मापात सुमारे 580 मिमी असते. वयापेक्षा हाताचे माप महत्त्वाचे. लहान हात असलेल्या प्रौढांनाही 650 मिमीची सक्ती नाही : 640 आणि 630 मिमीच्या उत्तम गिटार बनतात, पण त्या बहुधा मागवाव्या लागतात.

14. आवाज मोठा यावा म्हणून स्टीलच्या तारा लावल्या तर काय होईल?

ब्रिज उखडेल, टॉप फुगेल किंवा मान वाकेल. कधीकधी तिन्ही होईल. कारण प्रश्न 1 मध्ये दिलेल्या ताणाच्या आकड्यांत आहे. दुकानदाराने ‘बारीक गेजच्या लावून देतो’ म्हटले तरी लावू नयेत. मोठ्या आवाजासाठी जास्त ताणाच्या नायलॉनच्या किंवा कार्बनच्या तारा असतात.

15. नव्या तारा सारख्या उतरतात. माझ्या खुंट्या खराब आहेत का?

बहुतेक वेळा नाहीत. नायलॉन ताणले जाते आणि ते स्थिरावायला काही दिवस लागतात. तोपर्यंत दर काही मिनिटांनी सूर लावावा लागणे स्वाभाविक आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तारा बदलू नयेत, हे त्यामुळेच.

तारा सुटत असतील तर ब्रिजवरची गाठ तपासावी. तार भोकातून मागे काढून वर आणायची, स्वतःभोवती घ्यायची आणि तिचे शेपूट ब्रिजच्या मागच्या कडेच्या खाली दाबले जाईल असे अडकवायचे. शेपूट कडेच्या वरच राहिले तर ताण येताच गाठ सरकते. सर्वांत पातळ तार गुळगुळीत असते, म्हणून तिला दोन-तीन वेढे द्यावेत. ती निसटली की तिचे टोक चाबकासारखे टॉपवर आपटते. ब्रिजमागे खड्डा पडलेल्या गिटार दिसतात, त्या याच कारणाने.

नवशिक्याने मध्यम ताणाचा संच घ्यावा. सावारेझ, हानाबाख, डॅडारिओ, ऑगस्टीन यांपैकी जो मिळेल तो. खर्जाच्या तारा आधी निस्तेज होतात, तेव्हा पूर्ण संच न बदलता त्या तीनच बदलल्या तरी चालतात.

16. मुंबईचा पावसाळा आणि नागपूरचा उन्हाळा यांत गिटार टिकते का?

प्लायची टिकते. सॉलिड टॉपला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे दोन्ही टोके भेटतात. कोकणपट्टीत जुलैमध्ये लाकूड पाणी धरते, टॉप फुगतो, ॲक्शन वाढते आणि आवाज भरड होतो. दसऱ्यानंतर बहुतेक सगळे पूर्ववत होते. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे खरा धोक्याचा, कारण कोरडेपणात लाकूड आकसून तडा जातो आणि तो आपोआप मिटत नाही. एसीच्या खोलीत भिंतीवर टांगलेली गिटार भर पावसातही कोरडी पडू शकते.

उपाय साधा आहे : गिटार पेटीत ठेवावी, पेटीत शे-दोनशे रुपयांचा नव्हे तर जरा बरा आर्द्रतामापक ठेवावा आणि त्याचा आकडा पाहूनच पुढे काही करावे. पावसाळ्यात सिलिका जेल, उन्हाळ्यात ओलावा देणारी पुडी. आकडा न पाहता वर्षभर सिलिका जेल ठेवणारे लोक मे महिन्यात तडे घेऊन येतात. उन्हात उभ्या मोटारीत गिटार कधीही ठेवू नये. आत सरस मऊ पडून ब्रिज सुटतो.

17. फ्लेमेंको, क्रॉसओव्हर आणि इलेक्ट्रो-क्लासिकल हे प्रकार नवशिक्याने घ्यावेत का?

फ्लेमेंको गिटारची पाठ परंपरेने सायप्रसची, ॲक्शन कमी आणि टॉपवर बोटांचे ठोके सोसायला पारदर्शक पट्टी असते. त्या शैलीचा गुरू असेल तरच घ्यावी. क्रॉसओव्हरची मान 48 मिमीच्या आसपास आणि किंचित गोलाकार असते. ती स्टीलवरून येणाऱ्यांना सोयीची, परीक्षांच्या अभ्यासाला गैरसोयीची. इलेक्ट्रो-क्लासिकलमध्ये पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरला पोहोचवणारा भाग) आधीच बसवलेला असतो; तो गरज पडल्यावर नंतरही बसवता येतो, म्हणून पहिल्या गिटारमध्ये त्याचे पैसे देऊ नयेत.

18. भाऊ युरोपातून येताना गिटार आणणार आहे. शिसवीच्या लाकडामुळे विमानतळावर अडचण येईल का?

शिसवीच्या संपूर्ण कुळावर 2 जानेवारी 2017 पासून साइट्स या, संकटग्रस्त वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आले आणि दोन-तीन वर्षे वादकांना त्याचा फार जाच झाला. नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, म्हणून भारतीय शिसवीची नवी गिटार आणायला त्या करारान्वये परवाना लागत नाही. अपवाद ब्राझीलच्या शिसवीचा. ती 1992 पासून सर्वांत कडक सूचीत आहे आणि ही सूट तिला लागू नाही. तसली जुनी गिटार कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे नेऊ नये, ती जप्त होऊ शकते. सीमाशुल्काचा भाग वेगळा आहे, त्यासाठी खरेदीची पावती जवळ ठेवावी.

प्रवासात कठीण कवचाची पेटी वापरावी आणि तारा एक-दोन स्वरांनी उतरवून ठेवाव्यात. घरी पोहोचल्यावर पेटी लगेच उघडू नये. काही तास बंदच राहू द्यावी, म्हणजे लाकूड नव्या हवेला सावकाश सरावते. युरोपच्या हिवाळ्यातून थेट मुंबईत आलेल्या गिटारची ॲक्शन पहिल्या पावसाळ्यात वाढणारच, तेव्हा सॅडल घासून घेण्याची घाई न करता थंडीपर्यंत थांबावे.

19. मी डावखुरा आहे. तारा उलट लावून चालेल का?

नुसत्या उलट लावून चालत नाही, कारण नटच्या खाचा प्रत्येक तारेच्या जाडीनुसार कापलेल्या असतात आणि सॅडलची उंचीही खर्जाकडे जास्त असते. हे दोन्ही भाग नवे करून घेतले तर साध्या, सममित आधारपट्ट्यांच्या गिटारवर उलट मांडणी चालते. मात्र दोन्ही हातांना सारखेच बारीक काम असल्यामुळे अनेक डावखुरे उजव्या पद्धतीनेच शिकतात. पहिल्या महिन्यात दोन्ही प्रकारे धरून पाहावे आणि मगच ठरवावे.

20. गोव्याच्या घरी आजोबांची जुनी गिटार सापडली आहे. तिला नायलॉनच्या तारा लावू की स्टीलच्या?

वाद्य स्वतःच बरेच सांगते. ब्रिजमध्ये तारा आडव्या भोकांतून जाऊन गाठ मारण्याची सोय असेल आणि डोक्याच्या खाचांतील तारा गुंडाळण्याचे रूळ बोटभर जाड असतील, तर ती आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारांसाठी बनलेली आहे. ब्रिजमध्ये खुंट्या ठोकण्याची उभी भोके असतील, रूळ बारीक धातूचे असतील किंवा पेटीच्या टोकाला तारा अडकवण्याची लोखंडी पट्टी असेल, तर ती स्टीलची. गोंधळ तेव्हा होतो, जेव्हा नायलॉनच्या गिटारवर कुणीतरी पूर्वी स्टीलच्या तारा चढवलेल्या असतात. अशा वेळी तारा तशाच ठेवून सूर लावून पाहण्याचा मोह टाळावा आणि त्या आधी सैल कराव्यात. त्यानंतर आतली चिठ्ठी छोट्या आरशाने वाचावी, आधारपट्ट्या सुटल्या आहेत का हे टॉपवर बोटाने हलकेच टिचक्या मारून ऐकावे (सुटलेली पट्टी खडखडते) आणि शंका राहिली तर कमी ताणाच्या नायलॉनच्या तारा लावून गिटार एक पूर्ण स्वर खाली लावावी. आठवडाभरात ब्रिजमागचा भाग फुगला नाही तर नेहमीच्या पट्टीत आणावी. मूळची स्टीलची निघाली, तरी नायलॉनने तिचे नुकसान होत नाही, आवाज तेवढा दबका येईल.